रोग दारीं येण्यापूर्वीं

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण आमच्या परभणी जिल्ह्यांतील माणसाला कोणी शिकवावी लागत नाहीं. मृगाचा पाऊस लांबला कीं येथील शेतकऱ्याचें काळीज कसें हलतें, तें ज्यानें पाहिलें आहे, त्याला पाण्याची तरतूद आधीं कां करावयाची हें सांगण्याचें कारण नाहीं. तोच शेतकरी आपल्या बैलाचे खूर दररोज पाहतो, औताचा फाळ झिजला कीं लोहाराकडे धाडतो, आणि पेरणीपूर्वीं बियाणें निवडून ठेवतो. परंतु ज्या देहाच्या बळावर हें सर्व चालतें, त्या देहाची विचारपूस मात्र तो अंथरुणाला खिळेपर्यंत करीत नाहीं. आणि शेतकऱ्यासच कशाला नांवें ठेवावीं? आम्ही शिक्षकहि त्याच माळेचे मणी आहों. या एका दोषाविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या आईबापांशीं दोन शब्द बोलावे, असा आमचा विचार आहे.

या लेखास जी गोष्ट कारण झाली, ती प्रथम सांगतों. आमचे वडील बंधु गंगाखेडच्या बाजूस शेती करीत. आम्ही त्यांस दादा म्हणतों. अंगानें सडपातळ, पंचावन्नाच्या घरांत आले असतांहि चार कोसांची चाल सहज करणारे. पान नाहीं, तंबाखू नाहीं. दिवसांतून सात वेळां गोड चहा, एवढाच काय तो शौक. एके उन्हाळ्यांत नवी वहाण चावून त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. तो दुखत नव्हता, म्हणून त्यांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. वहिनींनीं हळद भरली. तीन आठवड्यांनीं पाऊल काळें पडून त्याला वास येऊं लागला, तेव्हां आम्हीं त्यांना इस्पितळांत नेलें. तेथील डॉक्टरांनीं रक्त तपासून पहिला प्रश्न केला, "यांची साखर यापूर्वीं कधीं तपासली होती?"

दादा म्हणाले, "मी कधीं आजारीच पडलों नाहीं, तर तपासावयाची कशाला?"

डॉक्टर कांहीं बोलले नाहींत. चौथ्या दिवशीं गुडघ्याखालीं पाय कापावा लागला.

दादांचें तें उत्तर आम्ही अद्याप विसरलों नाहीं. कारण तें एकट्या दादांचें नव्हे, आपणां सर्वांचें उत्तर आहे. आजारी नाहीं म्हणजे रोग नाहीं, असें आपण धरून चालतों. जुन्या काळच्या रोगांपुरतें तें बरेंचसें खरेंहि होतें. पटकी, देवी किंवा प्लेग गांवांत शिरला, कीं दुसऱ्या दिवशीं साऱ्या गांवाला कळत असे. देवीचा रोग १९७५ सालानंतर आपल्या देशांत उरला नाहीं, व १९८० सालीं तो साऱ्या जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. आतां ज्या रोगांचें राज्य आहे, ते मात्र चोरपावलांनीं येतात. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग हे ते रोग होत. मधुमेह कित्येक वर्षें कसलेंहि ठळक लक्षण न दाखवितां शरीरांत मुक्काम करूं शकतो. रक्तदाब वाढलेला माणूस हसतो, जेवतो, बाजारहाट करतो, आणि एके सकाळीं त्याचें तोंड वांकडें होतें. दादांचा फोड दुखला नाहीं, तो लहान होता म्हणून नव्हे. साखरेनें त्यांच्या पायांतील ज्ञानतंतु आधींच बधिर करून टाकले होते म्हणून.

हें संकट किती मोठें आहे, याची कल्पना एका मोजणीवरून येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें देशांतील सर्व राज्यांत वीस वर्षांवरील एक लाख तेरा हजारांहून अधिक माणसांची तपासणी करण्यांत आली, व तिचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून असें अनुमान निघालें कीं, देशांत सुमारे दहा कोटि दहा लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी तेरा कोटि साठ लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. रक्तदाब तर दर शंभर प्रौढांपैकीं पस्तिसांहून अधिक माणसांचा वाढलेला आढळला. हा श्रीमंतांचा रोग, हा शहरवासीयांचा रोग, अशी जी आपली जुनी समजूत आहे, ती आतां सोडून दिली पाहिजे.

मधुमेहांत होतें तरी काय? आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं कालव्याच्या पाण्यावर रात्रीं दारें धरलीं असतील, किंवा वडिलांना धरतांना पाहिलें असेल. पाटानें पाणी येतें. दारें धरणारा एकेका वाफ्याचें तोंड फोडून पाणी आंत घेतो, व वाफा भरला कीं तें तोंड बुजवितो. आपण खाल्लेल्या भाकरीची, भाताची, गुळाची पोटांत साखर होते व ती रक्ताच्या पाटांतून साऱ्या शरीरभर वाहते. इन्सुलिन नांवाचा रस हा तेथील दारें धरणारा. तो स्नायूंचे व यकृताचे वाफे उघडतो व साखर आंत घेतो. आतां हा गडीच थकला, किंवा चरबी सांचून वाफ्यांचीं तोंडें घट्ट झालीं, तर काय होईल? वाफे कोरडे राहतील आणि पाट तुडुंब भरून कांठ फोडील. मधुमेहांत नेमकें हेंच घडतें. शरीर उपाशी राहतें, आणि रक्तांतील जादा साखर डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या, पायांच्या बारीक नसांचे कांठ वर्षानुवर्षें पोखरीत राहते. १९२१ सालीं कॅनडांतील टोरंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन वेगळें काढलें, तेव्हांपासून रोग्याचे प्राण वाचूं लागले. परंतु पोखरलेला कांठ पूर्ववत् करणें अद्याप कोणासहि पुरतें साधलेलें नाहीं. म्हणून कांठ फुटण्यापूर्वीं पाट पाहिला पाहिजे.

रक्तदाबाची कथा याहून सोपी आहे. हृदय हा पंप व रक्तवाहिन्या ह्या नळ्या. नळ्या ताठर व अरुंद झाल्या, कीं पंपाला अधिक जोर करावा लागतो. तो जोर सतत राहिला कीं पंप थकतो, किंवा एखादी नळी मेंदूंत फुटते वा तुंबते. मोजमापाचा वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या घरांत वा त्यापलीकडे, निरनिराळ्या दिवशीं मोजूनहि राहिला, तर रक्तदाब वाढला असें डॉक्टर मानतात. हें मोजण्याचें पट्ट्याचें यंत्र इटलींतील रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं पुढें आणलें. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ साधन हातीं आहे. दंड पुढें करण्याचा तेवढा आळस!

येथें कोणी म्हणेल, "आमच्या घरांत सगळे किडकिडीत, आम्हांला कशाची भीति?" दादाहि किडकिडीतच होते. याचा उलगडा पुण्याच्या एका डॉक्टरांनीं केला आहे. केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालापासून गरोदर स्त्रियांचा व पुढें त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्यांना असें आढळून आलें कीं, इंग्लंडांतील बाळांशीं तुलना करतां आपलीं बाळें वजनानें पुष्कळ हलकीं असतात. परंतु त्यांच्या अंगांत स्नायु कमी असून चरबी मात्र त्या मानानें टिकून असते. दिसावयास रोड आणि आंतून मेदयुक्त, असा हा प्रकार. २००४ सालीं डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनीं स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें भरलें. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर आपल्या डॉक्टरांच्या अंगांत शेंकडा २१.२! तात्पर्य, तराजूवर विसंबून चालणार नाहीं. त्यापेक्षां एक सुतळी घ्यावी, ती आपल्या उंचीएवढी कापावी, मधोमध दुमडावी व कंबरेभोंवतीं बेंबीजवळ गुंडाळून पाहावी. दोन टोकें एकमेकांस मिळालीं तर ठीक. मिळालीं नाहींत तर पोटावर जपण्यासारखी चरबी सांचली आहे असें समजावें.

उपाशी गर्भाचें वाढल्या वयाशीं नातें असतें, हेंहि आतां ठाऊक झालें आहे. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडांत अन्नाची भयंकर टंचाई पडली होती. त्या वेळीं जीं मुलें आईच्या उदरांत होतीं, त्यांच्या अंगीं पन्नाशीच्या सुमारास साखर पचविण्याची शक्ति इतरांहून कमी असल्याचें दिसून आलें. आमच्या मराठवाड्यानें १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. सुकडी व परदेशांतून आलेली मिलो ज्वारी खाऊन, खडी फोडून ज्या माउल्यांनीं ते दिवस काढले, त्यांचीं त्या सालचीं लेंकरें आज पन्नाशी ओलांडून गेलीं आहेत. त्यांनीं तरी आपली साखर पाहून घ्यावी, अशी आमची त्यांना हात जोडून विनंति आहे. तसेंच आजच्या मुलीच्या ताटांत सकस अन्न वाढणें म्हणजे उद्यांच्या नातवाचा मधुमेह टाळण्याचा यत्न होय, हें आईबापांनीं ध्यानांत घ्यावें. मुलीला शेवटीं जेवावयास बसविण्याची रीत या एका कारणासाठीं तरी मोडली पाहिजे.

आतां आहाराकडे वळूं. पवित्र शास्त्रांत दानीएलाची गोष्ट आहे. राजाच्या पंक्तीचें मिष्टान्न नाकारून त्यानें व त्याच्या तिघां सोबत्यांनीं दहा दिवस साधें शाकान्न व पाणी मागून घेतलें, आणि मग राजान्न खाणाऱ्यांशीं आपली तुलना करून पाहण्यास कारभाऱ्याला सांगितलें. आम्हांला या गोष्टींत नेहमीं दोन गोष्टींचें कौतुक वाटतें: साधें अन्न खाण्याचा निश्चय, आणि त्याची परीक्षा घेऊं देण्याची तयारी. या लेखाचे दोन भाग तेच आहेत.

परभणीच्या माणसाला साधें व सकस अन्न दूर देशांतून आणावें लागत नाहीं. ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, अंबाडीची किंवा करडईची भाजी, जवसाची वा कारळाची चटणी, मूठभर शेंगदाणे आणि वाडगाभर ताक, या ताटाला नांव ठेवण्यास कोणत्याहि डॉक्टरास जागा नाहीं. ज्वारी सालासकट दळली जाते. त्यामुळें तिच्यांतील कोंडा पोटांत जातो व साखर रक्तांत हळूहळू उतरते. मैद्याचें व पांढऱ्या भाताचें तसें नाहीं. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. त्यानें हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या सहकार्यानें 'परभणी शक्ति' नांवाचें ज्वारीचें वाण तयार करून २०१८ सालीं प्रसारांत आणलें. त्या वाणांत लोह व जस्त नेहमींच्या ज्वारीपेक्षां अधिक आहे. आपल्या गांवाचें नांव धारण करणारें असें वाण असतांना, आमच्याच शिवारांतून ज्वारी मागें हटून सोयाबीन व कापूस पुढें आला, आणि आमच्या मुलांना भाकरी म्हणजे गरिबीचें अन्न वाटूं लागलें, ही खेदाची गोष्ट आहे. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. ज्या अन्नाचा जगानें गौरव केला, तें डब्यांत आणावयाची आमच्या मुलांना लाज वाटूं नये.

मात्र येथें एक सावधगिरीची सूचना करतों. ज्वारी हें औषध नव्हे. तिच्यांतहि पिष्ट आहेच. "आतां भाकरीवर आलों, आतां साखरेची भीति नाहीं," असें म्हणून कोणी चार भाकरी हाणील, तर त्याची साखर चढेलच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जें आहाराचें प्रमाण सांगितलें आहे, त्यांत धान्याचा वांटा आपल्या नेहमींच्या ताटापेक्षां कमी, व भाज्या-डाळींचा पुष्कळ अधिक आहे. साधारण प्रौढ माणसास दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळ, ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळ, ३०० मिलिलिटर दूध व सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप, असें तें प्रमाण आहे. गृहिणींच्या सोईसाठीं हिशेब करून सांगतों: पांच मोठ्या माणसांच्या घरांत महिन्याला तेल-तूप मिळून चार किलोंच्या आसपास पुरें. भाजी महाग असते, हें आम्ही जाणतों. परंतु तांदुळजा, घोळ, शेवगा, चुका हीं परसांत किंवा बांधावर वाढतात, आणि पेरूचें झाड पाणी फारसें मागत नाहीं.

साखरेचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. दादा दिवसाला सात कप चहा घेत. कपाला दोन चमचे, व चमच्याला पांच ग्रॅम साखर धरली, तर दिवसाची साखर सत्तर ग्रॅम, आणि महिन्याची दोन किलोंहून अधिक! तीच पोषण संस्था दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅमांची मर्यादा सांगते. शाळेच्या फाटकाबाहेर जी थंड पेयाची बाटली मिळते, तिच्या ३०० मिलिलिटरमध्यें सुमारे तीस ग्रॅम साखर असते. म्हणजे एका बाटलींत दिवसाची मर्यादा संपून वर उधारी होते. गूळ घातला तरी हा हिशेब फारसा बदलत नाहीं. गुळालाहि साखरेचीच जात आहे.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाला पांच ग्रॅमांहून कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, अशी सांगितली आहे. आपण सहसा याच्या दुपटीच्या आसपास मीठ खातों. तें भाजींत असतेंच, शिवाय लोणचें, पापड, ठेचा व पाकिटांतील कुरकुरीत पदार्थ यांतूनहि नकळत शिरतें. ताटांत वरून मीठ वाढण्याची चाल बंद केली, तरी अर्धी लढाई जिंकली.

आणि तंबाखू. गुटख्याला महाराष्ट्रांत २०१२ सालापासून बंदी आहे, तरी आमच्या मोठ्या वर्गांतील मुलांच्या खिशांत कधीं काय सांपडतें, तें येथें लिहिण्याची आम्हांस लाज वाटते. तोंडाचा कर्करोग आपल्या देशांतील पुरुषांत इतका कां आढळतो, याचें उत्तर त्या पुडींत आहे. बाप तंबाखूला चुना लावीत असतां मुलाला उपदेश करील, तर तो उपदेश कोण ऐकेल?

येथवर पहिला भाग झाला. परंतु साधें अन्न खाऊनहि रोग होऊं शकतो. वय, वंश व दैव यांना आपला वांटा असतोच. म्हणून दुसरा भाग, परीक्षेचा. आम्हां शिक्षकांना इतरांच्या परीक्षा घेणें फार आवडतें. स्वतः परीक्षेला बसण्याची वेळ आली म्हणजे आम्ही काय करतों, तें आतां प्रांजळपणें सांगतों.

दादांच्या पायाला दोन वर्षें होऊन गेल्यावर आमच्या शाळेंत मुलांच्या तपासणीसाठीं आरोग्य पथक आलें. मुलांच्या रांगा लावण्याचें काम आमच्याकडे होतें. तें आटोपल्यावर पथकांतील परिचारिका म्हणाल्या, "गुरुजी, तुमचाहि दंड द्या." मुलांसमोर नाहीं कसें म्हणावें? रक्तदाब १६४ आणि १०२ निघाला. त्यांनीं चिठ्ठी लिहून दिली व प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाण्यास सांगितलें. आम्हीं ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशांत घातली आणि तीन आठवडे कोणास दाखविली नाहीं. उन्हांत उभे होतों म्हणून वाढला असेल, असें मनाला समजाविलें. खरें कारण भीति हेंच होतें. रोग आहे असें कळलें तर तो खरा होईल, असें कांहींसें आमच्या पदवीधर डोक्यांत घोळत होतें!

शेवटीं कपडे धुतांना ती चिठ्ठी आमच्या पत्नीच्या हातीं लागली. त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, दादांना निदान ठाऊक तरी नव्हतें. तुम्हांला ठाऊक होतें."

दुसऱ्या दिवशीं आम्ही आरोग्य केंद्रांत गेलों. आणखी दोन निरनिराळ्या दिवशीं दाब मोजण्यांत आला, व तो वाढलेलाच निघाला. रोज एक गोळी सुरू झाली. ती तेथें विनामूल्य मिळते. मीठ कमी केलें, सायंकाळीं अर्धा तास चालूं लागलों. चार महिन्यांत आंकडा १३० च्या खालीं आला. आम्हांला पूर्वीहि कांहीं होत नव्हतें व आतांहि कांहीं होत नाहीं. फरक एवढाच कीं, पूर्वीं आम्ही बरे आहों असें वाटत होतें, आतां आहों असें ठाऊक आहे.

तपासणीनें जीव वाचतात, हा नुसता उपदेश नव्हे. त्याचा पुरावा आमच्या मराठवाड्यानेंच साऱ्या जगाला दिला आहे. आज ज्याला धाराशिव म्हणतात, त्या तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, बार्शीचें नर्गिस दत्त स्मृति कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक केंद्र व जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून एक मोठा प्रयोग केला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळीं ओळखतां येईल काय, हा त्याचा विषय. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लक्ष एकतीस हजारांहून अधिक खेडवळ स्त्रियांचे चार गट करून त्यांच्यावर आठ वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. ज्या गटांतील स्त्रियांची त्या रोगाच्या विषाणूसाठीं आयुष्यांत एकदांच तपासणी झाली, त्या गटांत या रोगानें चौतीस मृत्यु झाले. ज्या गटाची अशी खास तपासणी झाली नाहीं, तेथें चौसष्ट झाले. २००९ सालीं हा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचें जगानें पाहिलें. एका तपासणीला किती वेळ लागतो? एक बाजार चुकतो. त्या बाजाराच्या बदल्यांत कित्येक घरांच्या आया वांचल्या.

असें काम खेड्यांतील साध्या स्त्रियांच्या हातून होऊं शकतें, हें जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें दाखवून दिलें. १९७० सालीं त्यांनीं तेथें आरोग्य प्रकल्प सुरू केला व खेडोपाडींच्या, बहुतेक निरक्षर अशा, बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलें. १९७९ सालीं त्या उभयतांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज प्रत्येक गांवांत जी आशाताई आपणांस दिसते, तिच्या कामामागें अशा प्रयोगांची पुण्याई आहे.

आतां कोणीं कोणती तपासणी करावी, तें थोडक्यांत सांगतों. वयाचीं तीस वर्षें झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषानें वर्षांतून एकदां रक्तदाब व साखर पाहून घ्यावी. उपाशीपोटीं साखर शंभराच्या आंत असावी; ती १२६ किंवा त्याहून अधिक दोनदां निघाली, तर तो मधुमेह होय. पांच वर्षांतून एकदां तोंडाची, व स्त्रियांनीं स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करवावी. तोंडांत पांढरा वा लाल चट्टा अगर न भरणारी जखम दिसली, तर पांच वर्षें थांबूं नये. या तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य होतात, व त्यांची नोंद आशाताई घरीं येऊन करतात. मधुमेह असलेल्यानें रोज रात्रीं आपले तळपाय उजेडांत पाहावे, आणि वर्षांतून एकदां डोळे दाखवावे. मुलांसाठीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून चालू आहे. त्याचें पथक शाळेंत येतें, तेव्हां डोळे, दांत, रक्तक्षय व हृदयाचे जन्मदोष पाहिले जातात, आणि पुढील उपचाराची सोय होते. त्या दिवशीं मुलाला घरीं ठेवूं नये, आणि त्यानें चिठ्ठी आणली तर ती खिशांत राहूं देऊं नये.

याबरोबरच एक इशाराहि दिला पाहिजे. सर्व शरीराची तपासणी अमुक रुपयांत करून देतों, अशा जाहिराती हल्लीं भिंतींवर दिसतात. जितक्या तपासण्या अधिक तितकें आरोग्य अधिक, असें मुळींच नाहीं. जो रोग पुष्कळांना होतो, जो प्रारंभीं बोलत नाहीं, आणि जो वेळीं कळला तर आटोक्यांत येतो, त्याचीच सरसकट तपासणी करण्यांत अर्थ असतो. बाकीच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हां कराव्या. तसेंच एकदां आंकडा अधिक आला म्हणून घाबरूं नये, व एकदां बरा आला म्हणून दहा वर्षें निश्चिंत होऊं नये. गोळी सुरू झाली तर बरें वाटतें म्हणून ती मनानें बंद करूं नये. बरें वाटतें तें गोळीमुळेंच.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडे आम्ही एकच गृहपाठ मागतों. या सुटींत एका कागदावर घरांतील तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचें नांव लिहा, आणि पुढें रक्तदाब व साखर शेवटीं केव्हां पाहिली, तें विचारून लिहा. जेथें जागा कोरी राहील, तेथें आजोबांचा हात धरून, आईला घरकामांतून सोडवून, त्या माणसाला आरोग्य केंद्रापर्यंत तुम्हीच न्या. आई म्हणेल, "मला काय झालंय?" तेव्हां तिला दादांची गोष्ट सांगा.

दादा आतां कृत्रिम पाय लावून हिंडतात. चहा ते बिनसाखरेचा घेतात, आणि पाराखालीं बसले असतां येणाऱ्याजाणाऱ्याला वहाणा काढून तळपाय दाखवावयास सांगतात. लोक आधीं हसत. आतां मुकाट्यानें दाखवितात. गेल्या वर्षीं एका शेजाऱ्याच्या टांचेची चीर त्यांनीं अशीच पाहिली व त्याला त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत धाडलें. त्याची साखर अडीचशें निघाली. पाय मात्र शाबूत आहे. हा लेख वाचून आपल्यापैकीं एका घरांत जरी असें घडलें, तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.